जुनी पद्मिनी, नवा वाटाड्या

नाशिक हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबई–आग्रा महामार्ग शहरातून जातो. पुण्याचा रस्ता द्वारका चौकातून फुटतो. त्र्यंबकचा रस्ता सातपूरच्या कारखान्यांना लागून पुढे सरकतो, आणि निफाड–येवल्याच्या वाटेने मराठवाड्याचे दार उघडते. जिथे इतके रस्ते भेटतात तिथे गाड्या येणारच. गाड्या आल्या की गॅरेजवाले, बॅटरीवाले, वायरिंगवाले, पत्रा ठोकणारे आणि सीटकव्हर शिवणारेही आलेच.

शिवाय हे कामगारांचे गाव आहे. महिंद्रच्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ गाड्या इथल्याच कारखान्यातून रस्त्यावर आल्या. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘मायको’ असलेल्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझले बनत आली. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहिला आणि तिथे मिग विमाने तयार झाली. त्यामुळे इथल्या आपल्या वस्त्यांत कोणत्याही गल्लीत शिरा, एखादा फिटर, टर्नर, वेल्डर किंवा वायरमन भेटतोच. लोखंड आणि तार यांची भाषा इथे घराघरात कळते.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कल्याणहून नाशिकला गेलो ते याच भाषेच्या ओढीने. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारी वस्ती दादा म्हणते, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या दारात १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. नोकरीत असताना त्यांनी ती तिसऱ्या हाताची घेतली. या गाडीतून वस्तीतल्या किती बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, किती नवऱ्या मुली सासरी गेल्या आणि गाण्याच्या किती पार्ट्या हार्मोनियम-ढोलकीसह गावोगावी पोहोचल्या, याचा हिशेब दादांकडेही नाही.

पण गेल्या पावसाळ्यात घरात एक प्रश्न उभा राहिला. रात्री एका खेड्यातला कार्यक्रम आटोपून परतताना दादा नव्या वळणरस्त्यावर चुकले आणि दोन तास उशिरा घरी आले. सूनबाईंनी स्पष्ट सांगितले, “मामा, आता गाडी विका. आम्हांला रात्र-रात्र झोप येत नाही.” मुलाचेही तेच म्हणणे पडले. दादा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी गाडीवर झाकण टाकले ते महिनाभर काढले नाही. अखेर नातीने तोड काढली. ती दहावीत शिकते. ती म्हणाली, “आजोबा, गाडीत रस्ता सांगणारे यंत्र बसवू. सोबत गाणी वाजवणारेही येते. एकच डबा, दोन कामे.” डबा नीट बसला आणि नीट चालला तर गाडी राहील, नाहीतर विकायची, असे ठरले. त्या परीक्षेला साक्षीदार म्हणून आम्हांला बोलावणे आले.

आता या गाडीची थोडी ओळख करून देऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी बनत असे. मूळ नमुना इटलीच्या फियाट ११०० चा. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. १०८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन, गोल बांधा, स्टीअरिंगच्या दांडीवरच गिअर, आणि पुढे सलग बाकासारखी सीट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने लाखो कष्टकऱ्यांना वाहिले आणि हजारो चालकांची घरे चालवली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. म्हणजे आज दारात पद्मिनी असणे म्हणजे कामगारांच्या मुंबईचा एक तुकडा दारात असणे होय.

पहिल्या दिवशी आम्ही महामार्गाकडेच्या एका दुकानात गेलो. दुकान चकचकीत होते. तिथल्या मुलाने गाडीचा पत्र्याचा डॅशबोर्ड पाहिला, टेप लावून मोजला आणि म्हणाला, “काका, एवढा भाग कापून काढतो, तासाभरात बसवून देतो.” दादांनी किल्ली खिशात घातली आणि ते बाहेर आले.

दादांचे म्हणणे आम्हांला पटले. आजच्या यंत्रांचे माप जगभर ठरलेले आहे. साध्या डेकचे तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. पडदा असलेल्या मोठ्या डब्याचे तोंड १८० बाय १०० असते. जुन्या गाडीतली जागा मात्र दोन मुठींच्या लहान रेडिओपुरती असे. मोठा डबा तिथे बसवायचा तर पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही. सरकारनेही जुन्या गाडीच्या मूळ रूपाला मोल दिले आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळी नोंदणी सुरू झाली. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. दादांची गाडी त्या वयाला पोहोचायला अजून काही वर्षे आहेत. पण आजच कात्री लावली तर तो हक्क आपणच गमावून बसू.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्याच एका मिस्त्रींना बोलावले. पंचावन्नच्या घरातले, ट्रकच्या वायरिंगमध्ये हात मुरलेला माणूस. आल्या-आल्या “जयभीम दादा” म्हणून त्यांनी बॉनेट उघडले, डबा अजून पाहिलाही नाही. आधी त्यांनी बॅटरी तपासली. कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहिले. काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. तिथे आजचे यंत्र तसेच जोडले तर ते जळते. आपल्या फियाटला निगेटिव्ह अर्थिंग, बारा व्होल्ट, म्हणजे काळजी नाही.

मग त्यांनी नातीला जवळ बोलावून गणित घातले. “बाळ, पुढचे दिवे साठ-साठ वॅटचे. बारा व्होल्टवर एका दिव्याला किती अँपिअर लागतील?” तिने पाच सांगितले. “दोन दिव्यांचे दहा. वर वायपर, हॉर्न, ब्रेकचा दिवा, आणि आता हा डबा. पावसाळ्याच्या रात्री कसारा घाटात गाडी रांगेत उभी असेल तेव्हा ही वीज आणायची कुठून?” जुन्या गाड्यांत डायनॅमो असतो. इंजिन मंद चालले की तो पुरेशी वीज देत नाही, बॅटरीच खाल्ली जाते. दादांच्या गाडीला पूर्वीच अल्टरनेटर बसवला होता, म्हणून हा खर्च वाचला. ज्यांच्याकडे डायनॅमो आहे त्यांनी आधी तिकडे पाहावे, मग गाण्याकडे. डब्यावर छापलेल्या मोठमोठ्या वॅटच्या आकड्यांचेही मिस्त्रींनी हसू केले. “मागे फ्यूज पंधरा अँपिअरचा. पंधरा गुणिले बारा, एकशे ऐंशी. मग दोनशे वॅटचा आवाज काय हवेतून येणार?”

डॅशबोर्डला हात न लावता डबा बसवायची युक्ती भाच्याने काढली. तो सुतारकाम करतो. गिअर स्टीअरिंगवर असल्याने पद्मिनीत पुढे पायांजवळ मोकळी जागा असते. त्याने प्लायवूडची पेटी केली, तिला काळे रेक्झिन लावले, आणि डॅशबोर्डखाली पूर्वीपासून असलेल्या बोल्टांवरच पट्टी टाकून ती घट्ट आवळली. एकही नवे भोक नाही. स्पीकरसाठी दरवाजे न फाडता मागच्या काचेखाली ठेवायची आणखी एक पेटी केली. उद्या डबा काढायचा झाला तर चार बोल्ट सोडले की गाडी पहिल्यासारखी.

वायरिंगचे काम आम्ही वहीत उतरवून घेतले, कारण अनेक घरांत ते उपयोगी पडेल. सर्वांत आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडावे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांच्या तारांचे रंग सारखे असतात. पिवळी कायम विजेची, तिच्यावर घड्याळ आणि साठवलेल्या गोष्टी टिकतात. लाल किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. काळी अर्थिंगची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या, आणि त्यांच्याच काळ्या रेघेच्या जोडतारा निगेटिव्हच्या. यात एक मोठा धोका आहे. पूर्वीच्या रेडिओत स्पीकरची एक तार थेट बॉडीला लावत. आजच्या डब्याची स्पीकरची कोणतीही तार बॉडीला टेकली तर आतला भाग जळू शकतो. म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्यात.

पिवळी तार मिस्त्रींनी चाळीस वर्षांच्या जुन्या वायरिंगला जोडली नाही. ती थेट बॅटरीपासून आणली आणि बॅटरीजवळच तिला फ्यूज घातला. पत्र्याच्या भोकातून तार आत घेताना भोवती रबरी कडे बसवले, नाहीतर हादऱ्याने तार सोलते आणि गाडी पेट घेते. अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर केली. तरीही इंजिन चालू केल्यावर गाण्यात बारीक शिट्टी येऊ लागली. वेग वाढला की शिट्टीही चढे. मिस्त्रींनी प्लगच्या तारा आवाज दाबणाऱ्या प्रकारच्या घातल्या, अर्थिंग पुन्हा घासून आवळले आणि शिट्टी थांबली.

गाण्यांची गोष्ट आणखी वेगळी. दादांच्या लोखंडी पेटीत साठ-सत्तर कॅसेटी आहेत. काही बाजारच्या भीमगीतांच्या, पण बऱ्याच वस्तीतल्या कार्यक्रमांत टेपरेकॉर्डर पुढे ठेवून भरलेल्या. त्यांत आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. आमच्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या तीही एक कॅसेट आहे. नव्या डब्यात कॅसेट जात नाही, पेनड्राइव्ह लागतो. म्हणून तीन रात्री बसून नातीने हे काम केले. जुन्या टेपरेकॉर्डरचे हेड कापसाने आणि स्पिरिटने पुसले. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. मग हेडफोनच्या भोकातून तार घेऊन संगणकाला जोडली आणि कॅसेट वाजत असताना ती भरून घेतली. साध्या दर्जात मिनिटाला सुमारे एक एमबी जागा लागते. तासाभराची कॅसेट साठ एमबीत बसते आणि सोळा जीबीच्या एका पेनड्राइव्हवर अडीचशेहून अधिक कॅसेटी मावतात. अशा दोन प्रती कराव्यात, एक गाडीत आणि एक घरात. गाडीतल्या उन्हात काय टिकेल त्याचा भरवसा नसतो.

आईची ओवी मागच्या स्पीकरमधून आली तेव्हा वहिनी हातातला चहा तसाच धरून उभ्या राहिल्या. कोणीच बोलले नाही.

राहिला वाटाड्या. हे यंत्र रस्ता कसे ओळखते? आकाशात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेच्या जीपीएस योजनेचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि नेमकी वेळ सतत सांगत असतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी जमिनीवर पोहोचायला त्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला यावरून यंत्र अंतर काढते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा ठरते. भारतानेही ‘नाविक’ नावाची स्वतःची योजना उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. यंत्र फक्त ऐकते, म्हणून नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर त्याला इंटरनेट लागत नाही. आकाश मात्र दिसले पाहिजे. म्हणून त्याचा छोटा अँटेना पत्र्याच्या छपराखाली न लपवता पुढच्या काचेखाली ठेवावा.

चौथ्या दिवशी परीक्षा झाली. दादा चालवायला, नात शेजारी, आम्ही आणि सूनबाई मागे. आधी शहरातला लांब उड्डाणपूल घेतला. तिथे यंत्र गोंधळले. आम्ही पुलावरून जात होतो आणि ते खालच्या रस्त्यावरचे वळण सांगत होते. कारण सरळ आहे. वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर एकमेकांवरच पडतात, आणि उंची ओळखण्यात ही यंत्रे कच्ची असतात. नात म्हणाली, “आजोबा, त्याचे ऐकू नका, सरळ चला.” दादा हसले, “म्हणजे वाटाड्यालाही वाटाड्या लागतो.”

पुलावरून उतरून आम्ही त्रिरश्मी लेण्यांकडे निघालो. नातीने यंत्रात ‘त्रिरश्मी’ असे घातले तर आमच्या नकाशात काही सापडेना. ‘पांडवलेणी’ म्हटल्याबरोबर रस्ता आला. वाचकहो, इथे आम्ही गाडी बाजूला घेतली. या चोवीस लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही लेणी भिक्खुसंघासाठी कोरली गेली. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या दानाचा लेख आहे. शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे आले आहे. दगडात कोरलेले नाव दोन हजार वर्षे टिकले, पण यंत्रात कोणी घातले नाही म्हणून यंत्राला ते माहीत नाही. त्याला ठिकाणे साठवून ठेवायची सोय असते. नातीने पायथ्याशी उभे राहून ती जागा साठवली आणि तिला नाव दिले, ‘त्रिरश्मी बुद्ध लेणी’.

तिथून पुण्याच्या रस्त्याने सिन्नर ओलांडून देशवंडीला गेलो. लोककवी वामनदादा कर्डक यांचे हे जन्मगाव. १९२२ साली इथे जन्मलेल्या या माणसाने हजारो गीते लिहिली आणि गावोगावी फिरून स्वतः गायली. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांच्या पायाखाली किती रस्ते गेले असतील, आणि एकही रस्ता सांगायला यंत्र नव्हते. दादांनी पेनड्राइव्हवरचे वामनदादांचे गाणे लावले. गावात शिरताना आवाज त्यांनीच कमी केला. देशवंडीही साठवली. परतताना येवल्याची मुक्तिभूमी आणि दादांचे नेहमीचे कार्यक्रमांचे गाव, अशी नावे नातीने विचारून विचारून घातली. ज्या खेड्यातून येताना दादा चुकले होते, तेही.

अंधार पडल्यावर मुद्दाम त्याच वळणरस्त्याने घरी आलो. “दोनशे मीटरवर डावीकडे,” असे यंत्र बोलले आणि दादांनी डावीकडे घेतले. मागे बसलेल्या सूनबाईंनी हळूच सुस्कारा सोडला, तो आम्ही ऐकला.

घरी आल्यावर निकाल लागला. गाडी राहिली, पण अटी घालूनच. रात्री दादा एकटे जाणार नाहीत. पडद्याकडे ते पाहणार नाहीत, फक्त आवाज ऐकतील. पाहायचे काम शेजारच्याचे. ठिकाण घालायचे ते गाडी सुरू करण्यापूर्वी. कायदाही हेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी चालवताना हातातले उपकरण केवळ रस्ता शोधण्यासाठी, तेही चालकाचे लक्ष ढळणार नाही अशा रीतीनेच वापरता येते. पडद्यावर चित्रपट लावून गाडी हाकणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

आमच्या अनेक घरांत पद्मिनी नसेल, पण जुनी जीप, टेम्पो किंवा रिक्षा असेल, आणि माळ्यावर कॅसेटींची पेटी तर नक्कीच असेल. नवे यंत्र जरूर घ्या. ते बसवताना जुने कापू नका, काढता येईल असे बसवा. कॅसेटींच्या फिती झिजण्याआधी त्यांतले आवाज उतरवून घ्या. आणि यंत्रात आपल्या ठिकाणांची नावे भरताना मुलांना शेजारी बसवा. यंत्र त्यांना वळण सांगेल. तिथे का जायचे, हे मात्र आपणच सांगितले पाहिजे.